फिश ऑइलनं थर्माकोल विरघळलं, म्हणजे ते बनावट असतं का? तेलातली जीवनसत्त्वं ‘अंगी लागण्या’मागचं विज्ञान

थर्माकोलचा एक पेला. त्यात फिश ऑइलच्या दोन-तीन कॅप्सूल टोचून तेल पिळलं जातं. थोड्या वेळानं पेल्याचा तळ वितळायला लागतो, तेल टेबलावर ओघळतं आणि मागून आवाज येतो, ‘बघा, हे तुम्ही रोज पोटात घालता!’

हा प्रकार तुम्ही रील्सवर पाहिला असेल, नाहीतर फॅमिली ग्रुपवर कुणीतरी तीन लाल उद्गारचिन्हं टाकून पाठवला असेल. प्रयोग खरा आहे. काही फिश ऑइलमध्ये थर्माकोल खरंच विरघळतं. चुकतो तो त्यातून काढलेला निष्कर्ष. हा निष्कर्ष नेमका कुठे चुकतो हे बघितलं, की ड जीवनसत्त्वाची गोळी जेवणानंतर का घ्यायची, ‘नॅनो’ लिहिलेली बाटली महाग का असते आणि हळदीच्या कॅप्सूलबाबत सावध का राहायचं, याचीही उत्तरं मिळतात.

थर्माकोल का वितळतं?

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक फुगवून केलेला फेस. त्यात बहुतांश हवाच असते. पॉलिस्टायरीनला पाणी काही करू शकत नाही, पण त्याच्याशी जुळणाऱ्या तेलकट द्रवात ते विरघळतं. संत्र्याची साल फुगवलेल्या फुग्याजवळ पिळली की फुगा फट्कन फुटतो, हा खेळ शाळेत अनेकांनी केला असेल. सालीतल्या लिमोनीन या तेलाची ती करामत. तेच लिमोनीन थर्माकोलही विरघळवतं. म्हणून काही आपण संत्र्याला विषारी म्हणत नाही.

आता फिश ऑइलकडे येऊ. माशाच्या चरबीत ओमेगा-३ फॅटी अ‍ॅसिड्स ट्रायग्लिसराइडच्या रूपात असतात. म्हणजे ग्लिसरॉलच्या एका कण्याला तीन फॅटी अ‍ॅसिड्स जोडलेली. साध्या फिश ऑइलच्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये आपल्याला हवी असलेली दोन फॅटी अ‍ॅसिड्स, ईपीए आणि डीएचए, मिळून साधारण ३०० मिलिग्रॅम असतात. बाकीचं इतर तेल. हे प्रमाण वाढवायचं तर फॅटी अ‍ॅसिड्स कण्यापासून सुटी करून प्रत्येकाला इथेनॉलचा एक छोटा तुकडा जोडतात आणि मग ऊर्ध्वपातन करून हवी ती वेगळी काढतात. या रूपाला इथाइल एस्टर म्हणतात. त्याचे रेणू ट्रायग्लिसराइडपेक्षा लहान, तेल पातळ, त्यामुळे ते थर्माकोलमध्ये झटकन शिरतं. व्हिडिओत दिसतो तो हा फरक.

मग इथाइल एस्टर बनावट का? नाही. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००४ मध्ये मंजूर केलेलं ओमेगा-३ औषध याच रूपातलं आहे. तुमच्या जठराची आतली बाजू थर्माकोलची नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पण रील बनवणाऱ्यांना जो प्रश्न पडायला हवा होता तो वेगळाच आहे. हे तेल शरीरात शोषलं किती जातं? लॉसन आणि ह्यूजेस या संशोधकांनी १९८८ मध्ये हे मोजलं होतं. कमी स्निग्ध जेवणाबरोबर इथाइल एस्टर दिलं तेव्हा त्यातलं ईपीए सुमारे २० टक्केच शोषलं गेलं. तेच भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर दिल्यावर हा आकडा ६० टक्क्यांवर गेला. ट्रायग्लिसराइड रूपातलं ईपीए ६९ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर. कॅप्सूल तीच, जेवण बदललं आणि तिप्पट फरक पडला.

तेल, पाणी आणि मधलं पित्त

आपलं आतडं पाण्याचं राज्य आहे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं, ओमेगा-३, हळदीतलं कर्क्युमिन, को-एन्झाइम क्यू१०, ही सगळी मंडळी तेलात विरघळणारी. आतड्याच्या पेशींवर पाण्याचा एक पातळ थर असतो आणि तेलाचा थेंब तो सहजी ओलांडू शकत नाही. तेलकट कढईवर नुसतं पाणी सोडलं तर काय होतं, तसंच.

कढईला साबण लागतो, आतड्याला पित्त. (आपण ‘पित्त झालं’ म्हणतो ते हे नव्हे. तो बहुतेक वेळा जठरातल्या आम्लाचा त्रास असतो. हे पित्त यकृतात तयार होतं आणि पित्ताशयात साठतं.) पित्तातले क्षार आणि लेसिथिन मोठ्या थेंबांचे बारीक थेंब करतात. स्वादुपिंडातून आलेलं लायपेज हे विकर चरबीचे तुकडे करतं. या तुकड्यांचे आणि पित्तक्षारांचे मिळून अतिसूक्ष्म गोळे तयार होतात, त्यांना मायसेल म्हणतात. मायसेलच्या पोटात तेल, बाहेरून पाण्याशी मैत्री. ड जीवनसत्त्व या गोळ्यांत बसून पेशीपर्यंत पोहोचतं.

यातली मेख अशी, की पित्ताशय उगाच रिकामं होत नाही. लहान आतड्यात स्निग्ध पदार्थ पोहोचल्याचा निरोप मिळाला की ते आकुंचन पावतं. रिकाम्या पोटी कोऱ्या चहाबरोबर गोळी घेतली तर तो निरोप जातच नाही. आमच्या घरी आईची आठवड्याची ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल कित्येक महिने अशीच जात होती. सकाळी उठल्या उठल्या, म्हणजे विसरायला नको म्हणून.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये १७ रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ड जीवनसत्त्वाची गोळी घेऊनही या रुग्णांची रक्तातली पातळी हवी तशी वाढत नव्हती. त्यांना तीच गोळी दिवसातल्या सर्वांत मोठ्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितली. दोन-तीन महिन्यांनी पातळी सरासरी ५० टक्क्यांहून जास्त वाढलेली दिसली. अभ्यास लहान होता आणि त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्या आकड्यावर फार भर देऊ नये. पण २०१५ मध्ये ५० ज्येष्ठ व्यक्तींवर झालेल्या अधिक काटेकोर चाचणीतही स्निग्ध जेवणाबरोबर शोषण सुमारे एक तृतीयांशानं जास्त निघालं.

हे सगळं आपल्या स्वयंपाकघराला नवीन नाही. गाजराच्या कोशिंबिरीवर फोडणी पडते. हळद आणि हिंग तेलात पडतात. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात २००४ मध्ये सॅलडवर असाच प्रयोग झाला. बिनतेलाच्या ड्रेसिंगबरोबर खाल्लेल्या भाज्यांमधली कॅरोटिनॉइड्स, म्हणजे गाजर-टोमॅटोचा रंग देणारी द्रव्यं, जवळपास शोषलीच गेली नाहीत. तेल वाढवलं तसं शोषणही वाढलं. ‘झिरो ऑइल’ सॅलड खाणाऱ्यांसाठी ही बातमी जरा कडूच आहे.

कारखान्यात काय करतात?

आतड्यात पित्त जे काम करतं, त्यातलं थोडं आधीच उरकून घेणं, असं या सगळ्या तंत्रांबद्दल म्हणता येईल.

सगळ्यांत सोपा मार्ग म्हणजे द्रव्य तेलातच विरघळवून जिलेटिनच्या मऊ कॅप्सूलमध्ये भरणं. जिलेटिनची कॅप्सूल १८३० च्या दशकात पॅरिसमध्ये आली आणि ती यंत्रावर झपाट्यानं बनवण्याची पद्धत १९३३ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट शेरर यांनी शोधली. आजच्या पारदर्शक सोनेरी कॅप्सूल याच घराण्यातल्या. जिलेटिन प्राण्यांपासून मिळतं, त्यामुळे शाकाहारी असाल तर पाकिटावरचं चिन्ह पाहून घ्या.

तेल आधीच विरघळलेलं असणं किती महत्त्वाचं, याचं उत्तम उदाहरण को-एन्झाइम क्यू१० चं आहे. हे द्रव्य खोलीच्या तापमानाला स्फटिकरूप असतं आणि साधारण ४८ अंश सेल्सियसला वितळतं. स्फटिक आतड्यातून आत जाऊ शकत नाही, सुटे रेणू जातात. तेलात मिसळलंय असं लेबलवर लिहिलं असलं तरी आत स्फटिकच तरंगत असतील तर बराचसा ऐवज वाया जातो.

दुसरा मार्ग इमल्शनचा. अंड्यातल्या बलकामुळे मेयोनेज फुटत नाही, कारण बलकात लेसिथिन असतं. एकोणिसाव्या शतकात कॉडलिव्हर ऑइल चमच्यानं पिणं ही मुलांसाठी शिक्षा होती. तेच तेल पाण्यात घुसळून पांढरं, गोडसर केलं की ते थोडं सुसह्य झालं. पाठीवर भलामोठा मासा घेतलेल्या कोळ्याचं चित्र असलेली स्कॉट्स इमल्शनची बाटली अनेकांच्या आजी-आजोबांना आठवत असेल.

त्या पांढऱ्या रंगाचं कारण थेंबांचा आकार. मोठे थेंब प्रकाश विखुरतात म्हणून दूध पांढरं दिसतं. हेच थेंब २०० नॅनोमीटरच्या बरेच खाली नेले, तर द्रव जवळपास पारदर्शक होतो. हेच ‘नॅनो’. औषधाच्या दुकानात ड जीवनसत्त्वाच्या ज्या छोट्या बाटल्या ‘नॅनो शॉट’ म्हणून मिळतात, त्यात तेल पाण्यासारखं दिसतं ते यामुळे. थेंब १० मायक्रॉनवरून १०० नॅनोमीटरवर आणला तर तेवढ्याच तेलाचं एकूण पृष्ठफळ शंभरपट होतं, म्हणजे लायपेजला काम करायला शंभरपट जागा मिळते.

याचा उपयोग होतो का? उत्तर भारतातल्या शाळकरी मुलांवरच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मायसेल रूपातल्या ड जीवनसत्त्वानं रक्तातली पातळी साध्या रूपापेक्षा जास्त वाढवली. ज्यांच्या शरीरात पित्तच नीट पोहोचत नाही, उदाहरणार्थ यकृताचे काही विकार असलेली मुलं, त्यांच्यासाठी तर पाण्यात मिसळणारं ई जीवनसत्त्व हे खरोखरचं वरदान आहे. पण पचन ठणठणीत असलेल्या, वरण-भात-तूप खाणाऱ्या माणसाला महागड्या नॅनो बाटलीनं किती जादा फायदा होईल, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. माझं मत विचाराल तर आधी गोळीची वेळ बदला, ब्रँड नंतर.

आणि मग खवटपणा येतो

इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते. थेंब बारीक करा, शोषण वाढवा. पण थेंब बारीक केला की तो हवेलाही तितकाच उघडा पडतो. विद्राव्यता आणि टिकाऊपणा यांचं एकमेकांशी फारसं पटत नाही आणि या क्षेत्रातली निम्मी डोकेदुखी या भांडणातूनच येते.

तेल खवट होणं म्हणजे त्याचं ऑक्सिडेशन. फॅटी अ‍ॅसिडच्या साखळीत जितके दुहेरी बंध जास्त, तितकी ऑक्सिजनला पकडायला जागा जास्त. ईपीएमध्ये असे पाच बंध, डीएचएमध्ये सहा. म्हणून फिश ऑइल शेंगदाणा तेलापेक्षा कितीतरी लवकर बिघडतं. जवसाचंही तसंच. त्यातल्या ओमेगा-३ मध्ये तीन दुहेरी बंध असतात आणि जवसाचं म्हणजेच अळशीचं तेल लाकडाला लावलं की काही दिवसांत कडक थर धरतं, तेही ऑक्सिडेशनच. सुतारकामात हा गुण, आहारात हा दोष.

जवसाची चटणी करणाऱ्या घरांना एक गोष्ट अनुभवानं माहीत असते. अख्खं जवस डब्यात महिनोन् महिने टिकतं, कुटलेलं लवकर खवट होतं. बियांचं टरफल हेच निसर्गाचं कवच. कारखान्यात त्याची नक्कल करतात. तेलाचं इमल्शन डिंक, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा बदललेल्या स्टार्चबरोबर करून गरम हवेत फवारतात. पाणी क्षणात उडून जातं आणि प्रत्येक थेंबाभोवती कोरडं कवच राहतं. तेलाची अशी पावडर मग बाळांच्या दुधात, हेल्थ ड्रिंकमध्ये किंवा बिस्किटांत घालता येते. कवचाबाहेर राहिलेलं तेल मात्र आधी बिघडतं, म्हणून ते किती राहिलंय हे मोजावं लागतं.

ऑक्सिडेशननं जीवनसत्त्व नष्ट होतं हे कळण्यातून एक मोठा शोध लागलाय. एल्मर मॅकॉलम या अमेरिकी शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कॉडलिव्हर ऑइल गरम करून त्यातून हवा सोडली. तेलातलं अ जीवनसत्त्व खलास झालं, डोळ्यांचा विकार त्यानं बरा होईना. पण मुडदूस मात्र त्याच तेलानं बरा होत राहिला. म्हणजे तेलात हवेला पुरून उरणारं आणखी काहीतरी होतं. १९२२ मध्ये याबद्दल लिहिलं गेलं आणि त्या ‘काहीतरी’ला ड जीवनसत्त्व हे नाव मिळालं.

अ जीवनसत्त्वाचा हा हळवेपणा आजही सांभाळावा लागतो. ते उत्पादनात शुद्ध रेटिनॉल म्हणून क्वचितच घालतात, रेटिनाइल पामिटेट अशा जास्त टिकाऊ रूपात घालतात. दुधाच्या पिशवीवर निळं ‘एफ’ आणि अधिकचं चिन्ह दिसलं, तर त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं वरून घातलेली आहेत. दुकानाबाहेर क्रेटमध्ये उन्हात पडलेल्या पिशवीतलं अ जीवनसत्त्व मात्र प्रकाशानं कमी होत जातं.

तेलात ई जीवनसत्त्व किंवा रोझमेरीचा अर्क घालणं, बाटलीतली हवा काढून नायट्रोजन भरणं, प्रत्येक कॅप्सूलला वेगळं ब्लिस्टर देणं, हे नेहमीचे उपाय. मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आणि तांबं असेल तर काम आणखी अवघड, कारण हे धातू ऑक्सिडेशनला वेग देतात. काही वेळा कंपन्या लेबलवरच्यापेक्षा थोडं जास्त जीवनसत्त्व आधीच घालून ठेवतात, म्हणजे मुदत संपेपर्यंत लेबलवरचा आकडा खरा राहतो.

तेल किती बिघडलंय हे मोजायला ‘टोटॉक्स’ हा आकडा वापरतात. ओमेगा-३ उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्याची मर्यादा २६ ठेवली आहे. न्यूझीलंडमध्ये २०१५ साली ३२ फिश ऑइल उत्पादनं तपासली, तेव्हा फक्त तीनमध्ये लेबलवर लिहिल्याइतकं ईपीए-डीएचए सापडलं आणि बहुतेकांत ऑक्सिडेशन मर्यादेबाहेर होतं. त्या निष्कर्षांवर इतर संशोधकांनी आणि उद्योगानं आक्षेपही घेतले, वाद बराच रंगला. आपल्याकडे कॅप्सूल पावसाळ्यातल्या दमट हवेत आणि मे महिन्याच्या उन्हात गोदाम ते दुकान असा प्रवास करते, हे डोक्यात ठेवून तो वाद वाचलेला बरा.

हळद: जास्त शोषण, जास्त धोका?

पांढऱ्या शर्टावर हळदीचा डाग पडला तर धुऊन उन्हात टाकतात, डाग फिका होतो. कर्क्युमिन प्रकाशात तुटतं, त्याचा हा पुरावा. साबण लावल्यावर डाग लाल होतो, कारण अल्कलीत त्याचं रूप बदलतं. प्रयोगशाळेत शरीराच्या तापमानाला, रक्ताइतक्या पीएचच्या द्रावणात ठेवलेलं ९० टक्के कर्क्युमिन अर्ध्या तासात नष्ट झालेलं दिसलं होतं. पाण्यात विरघळत नाही, विरघळलं तर टिकत नाही आणि शोषलं गेलंच तर यकृत त्याला झटपट बाहेरची वाट दाखवतं. वर हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्केच.

यावर काळ्या मिरीचा उतारा बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवला. २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर माणसांमध्ये जैवउपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. ‘२००० टक्के’ हा आकडा तुम्ही जाहिरातींमध्ये पाहिला असेल, तो इथून आला. त्यात सांगत नाहीत ते हे, की नुसतं कर्क्युमिन दिल्यावर रक्तातलं प्रमाण जवळपास मोजता न येण्याइतकं होतं. नगण्य गोष्टीची वीसपट वाढ किती मोठी, हे तुम्हीच ठरवा.

पायपरिन हे करतं ते यकृत आणि आतड्याची औषधं निकामी करण्याची यंत्रणा मंदावून. ही यंत्रणा फक्त हळदीसाठी नसते. तुम्ही घेत असलेल्या इतर गोळ्यांचं प्रमाणही रक्तात वाढू शकतं.

अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०११ ते २०२२ या काळातले हळदीच्या सप्लिमेंटशी जोडलेले दहा रुग्ण नोंदवले. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तीनमध्ये मिरीचा अंश होता आणि दहापैकी सात रुग्णांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला. दहा हा आकडा लहान आहे आणि हा धोका सगळ्यांना सारखा नाही. आमटीतल्या हळदीचा तर इथे संबंधही नाही. पण भूक मंदावणं, लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं असं काही झालं, तर डॉक्टरांना ‘मी फक्त नैसर्गिक हळद घेतो’ हे सांगायला विसरू नका. लोक नेमकं तेच विसरतात, कारण ते औषध घेतोय असं त्यांना वाटतच नसतं.

ड जीवनसत्त्वाचं तर आणखी सोपं गणित आहे. पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं, ड मात्र चरबीत साठतं. ६०,००० आययूची मात्रा साधारणपणे आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे दिली जाते. चिठ्ठीवरचं ‘आठवड्यातून एकदा’ रोज असं वाचलं गेलं, किंवा आठ आठवडे संपूनही पाकिटं वर्षभर चालूच राहिली, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं होणं आणि मूत्रपिंडाला इजा इथपर्यंत जाऊ शकतं. घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्यांच्या डब्यात ही पाकिटं दिसली, तर शेवटची कधी घेतली आणि किती आठवडे सांगितली होती, एवढं विचारा.

घरी काय बघायचं?

सप्लिमेंटच्या पाकिटावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना भारतीय नियमांनुसार छापलेली असते, ती बहुतेक वेळा बारीक अक्षरात असते. फिश ऑइल घेताना ‘१००० मिलिग्रॅम’ हा पुढचा मोठा आकडा सोडून मागे ईपीए आणि डीएचए किती, ते वाचा. मासे चालत नसतील तर सूक्ष्म शैवालापासून काढलेलं डीएचए मिळतं. जवस चांगलंच आहे, पण त्यातल्या ओमेगा-३ चं ईपीए-डीएचएत रूपांतर शरीरात फार थोडं होतं.

मोठी बाटली स्वस्त पडते, पण ती रोज उघडली जाते आणि दर वेळी ताजी हवा आत जाते. गॅसशेजारच्या मांडणीवर किंवा खिडकीत ती ठेवू नका. कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या असतील तर ओल किंवा उष्णता लागली आहे.

आणि कॅप्सूल टोचायचीच असेल तर थर्माकोलवर पिळण्याऐवजी चमच्यात पिळा आणि वास घ्या. ताज्या तेलाला माशाचा सौम्य वास असतो. जुन्या रंगासारखा किंवा खवट खोबऱ्यासारखा वास आला तर ती बाटली टाकून द्या. लिंबाचा किंवा संत्र्याचा स्वाद घातलेल्या कॅप्सूलमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण खवटपणा त्या वासाखाली झाकला जातो. तिथे उत्पादनाची तारीख बघायची आणि शक्य तितकी अलीकडची बाटली घ्यायची.